एका फितीवर दोन गाठी

कोण म्हणालं मघाशी, "सकाळी मी एकटाच जाऊन काठ बघून येतो, तासाभराचं काम"? तू ना रे, उंच्या? बस खाली. आधी ते दार लोटून घे, वारा येतोय. आणि ओले बूट त्या लाकडांवर ठेवू नकोस, किती वेळा सांगायचं.

मी तुमच्या हेल्मेटचे पट्टे शिवणारा माणूस. फुटलेल्या होड्या जोडतो, वल्ह्यांना नवी पाती बसवतो. पाण्यात उतरणं माझ्या गुडघ्यांनी केव्हाच बंद केलं, त्यामुळे तुम्हाला अक्कल शिकवायचा मला तसा हक्क नाही. पण उद्या तुम्ही चौघं ज्या ओढ्यावर निघालात ना, तिथलीच ही हकीकत आहे. माझ्या ओळखीच्या एका सुतारावर गुदरलेली. त्याने ती मला याच बाकावर बसून सांगितली. एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

सुतार आणि मास्तर अशी जोडी होती. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचा. एकोणीस वर्षं दोघं एकत्र पाण्यात उतरले. सुतार मुळात एकलकोंडा, बायको नाही, पोरबाळ नाही. सोबत म्हणून काय ती मास्तरची. मास्तर डावखुरा होता. आणि त्याला एक सवय होती. कुठलंही काम संपलं की स्वतःशीच हळू म्हणायचा, "झालं." चहाचा कप ठेवला, "झालं." दोर गुंडाळला, "झालं." सुतार त्याला चिडवायचा, "बायकोने लग्नाला होकार दिला तेव्हाही 'झालं'च म्हणाला असशील." मास्तर म्हणायचा, "म्हणालो होतो. तिने अजून माफ केलेलं नाही."

आता ऐका, कारण हे तुम्हाला उद्या लागणार आहे. पूर येऊन गेला की ओढा तोच राहत नाही. पाणी उतरतं, ऊन पडतं, सगळं पूर्वीसारखं दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. जिथे छातीभर डोह होता तिथे गोट्यांचा ढीग पडलेला असतो. डावीकडची सोपी वाट कोरडी पडते आणि सगळं पाणी उजवीकडच्या झुडपांत घुसतं. काठ आतून पोखरला जातो. पुरात तग धरून उभं राहिलेलं झाड चौथ्या-पाचव्या दिवशी, वारा नसताना, गुपचूप आडवं होतं. असं झाड पाण्यात पडलं की त्याला आम्ही गाळणी म्हणतो. पाणी फांद्यांतून निघून जातं. माणूस राहतो.

म्हणून नियम. पुरानंतर होडी उतरवायच्या आधी दोघांनी काठाने पूर्ण चालायचं. झाड दिसलं की त्याच्या अलीकडे काठावर फीत बांधायची. पिवळी म्हणजे सावकाश या, इथे करवत लागणार. लाल म्हणजे इथून पुढे पाण्यातून जायचंच नाही, होडी खांद्यावर घ्यायची. आणि एका फितीवर गाठी दोन. एक एकाने मारायची, दुसरी दुसऱ्याने, दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. एका गाठीची फीत आम्ही धरतच नाही. लाकूड कापून वाट मोकळी झाली की ज्याची गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. हसू नका. हा नियम करायला माणसं खर्ची पडलीत.

तर, त्या वर्षीच्या पुरानंतर सुतार आणि मास्तर असेच काठाने चालले. वरच्या पुलापासून निघाले, खाली लोखंडी पुलापर्यंत जायचं होतं. शेवटचं वळण राहिलं तेव्हा पाऊस सुरू झाला. सुतार दमला होता, बूट चावत होता. मास्तरने विचारलं, "ते वळण?"

सुतार म्हणाला, "मोकळं आहे. पाठ आहे मला ते."

त्याने बघितलं नव्हतं. मास्तरने मान हलवली आणि दोघं मागे फिरले. एकोणीस वर्षांची सोबत, विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुढे होता. वळणावरून आत गेला आणि बाहेर आला नाही. सुतार काठावर पोचला तेव्हा मास्तरची होडी गाळणीत उलटी अडकलेली होती. झाड कापून मास्तरला बाहेर काढायला सात माणसं आणि चार तास लागले. त्यातला एक मी.

लोकांनी विचारलं, "काठ बघितला होता ना?" सुतार म्हणाला, "बघितला होता. झाड रात्री पडलं असणार." सगळ्यांनी मान्य केलं, कारण तसं होतंच. कोणीही त्याला बोल लावला नाही. त्यानेच ओढ्यावर येणं सोडलं. लाकडाच्या वखारीतून घरी, घरून वखारीत. रस्त्यात भेटला तर हवापाण्याचं बोलायचा आणि काढता पाय घ्यायचा.

दोन वर्षांनी पुन्हा मोठा पूर आला. पूर ओसरला आणि मास्तरच्या मुलीने सुताराला फोन केला.

"काका, उद्या सकाळी आम्ही उतरतोय. बाबांनंतर मी पहिल्यांदाच. आई नकोच म्हणतेय. काठ तुम्ही बघून ठेवाल का? तुम्ही बघितलंय म्हटलं की ती मला सोडेल."

सुताराला तिथे पुन्हा पाऊल ठेवायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? "बघतो," म्हणाला.

"जोडीला कोणाला पाठवू?"

"नको गं. आहे माझ्याकडे कोणीतरी."

कोणी नव्हतं. फोनमधली नावं त्याने वरपासून खालपर्यंत बघितली. 'चल रे, ओढ्याकाठी चालून येऊ' असं ज्याला हक्काने म्हणावं, असं एकही नाव निघेना. शेवटी एकटाच निघाला. सतरा तारीख, गुरुवार, पूर ओसरून चौथा दिवस. वखारीतून सुटायलाच उशीर झाला होता. वरच्या पुलावर पोचला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. चंद्र नव्हता. हातात टॉर्च, उजव्या खिशात पिवळ्या फितीची गुंडाळी, डाव्या खिशात लाल.

पहिलं झाड लगेचच दिसलं. अर्धा ओढा अडवून पडलेलं, मुळांत अजून माती. सुताराने अलीकडच्या झुडपाला पिवळी फीत बांधली. गाठ एकच मारली. दुसरी मारायला हात पुढे गेला होता, मागे घेतला. म्हणाला मला, "यावेळी तरी खोटं नको वाटलं. दुसरी गाठ माझी नव्हती. मग टोकं तशीच मोकळी सोडली. सकाळी पोरगी येईल, तिला बघायला लावू आणि दुसरी गाठ तिलाच मारायला सांगू."

दहा-बारा पावलं पुढे गेला. मागे आवाज आला. ओलं कापड ताणून ओढल्यावर येतो तसा, बारीकसा.

फांदी सुटली असेल, म्हणाला.

दुसरं झाड. दुसरी फीत. एक गाठ. तो पुढे निघाला. मागे पुन्हा कापड ताणल्याचा आवाज... आणि त्यानंतर, अगदी हळू...

"झालं."

सुतार जागच्या जागी थांबला. ओढा वाहत होता. बाकी काही नाही. त्याने टॉर्च समोरच धरून ठेवला. मागे वळवायचा धीर होईना.

"पाण्याचा आवाज," तो मोठ्याने म्हणाला. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

चालू लागला. आता गोट्यांवर पावलं वाजत होती. त्याची... आणि त्याच्यामागे दुसरी. तो थांबला की ती थांबायची. मास्तरची चालायची तऱ्हा तशीच होती. तीन पावलं मागे. नेहमी तीनच.

तिसरी फीत. गाठ दोनदा निसटली. कशीबशी मारली. बाजूला झाला. उभा राहिला.

मागे कापड ताणलं.

"झालं."

...

पळून का नाही गेला, असं विचारतोयस? मीही विचारलं. म्हणाला, "पोरगी सकाळी उतरणार होती ना."

चौथी. पाचवी. दर वेळी तोच आवाज, तोच शब्द. अंगावरचा काटा जाईना. पण एक गंमत सांगू? गंमत म्हणजे... काय म्हणू? तो म्हणाला, "दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याबरोबर कोणीतरी चालत होतं."

मग शेवटचं वळण आलं.

यावेळी तो गेला. अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. टॉर्च फिरवला. या काठापासून त्या काठापर्यंत. पाणी काळं, गुळगुळीत. झाड नाही. फांदी नाही. पुन्हा फिरवला. काही नाही.

मागे पावलं थांबली होती.

सुतार म्हणाला, "मोकळं आहे."

तेच शब्द. तोंडातून निघाले तेव्हा त्यालाच कळलं.

मागे शांतता.

तो थांबला. "झालं" ऐकायला थांबला...

नाही आलं.

"बघितलं मी," तो म्हणाला. "यावेळी खरंच बघितलं..."

काही नाही.

मग एक पाऊल वाजलं. मागे जाणारं नव्हतं. त्याच्या बाजूने... पाण्याकडे.

सुतार पळाला. लोखंडी पुलावर चढेपर्यंत थांबला नाही. घरी जाऊन दार लावलं आणि दिवा लावून खुर्चीत बसून राहिला.

सकाळी साडेसहाला मास्तरची मुलगी चार जणांसोबत वरच्या पुलावर आली. सुतार तिथे आधीच उभा होता, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी. म्हणाला, आधी काठाने चला. पहिल्या फितीपाशी ती वाकली. फितीवर दोन गाठी होत्या.

तिने दुसरी गाठ बोटाने चाचपली. ती उलटी वळलेली होती. डावखुऱ्या माणसाची वळते तशी.

"काका, जोडीला कोण होतं?"

सुतार पुढच्या फितीकडे चालू लागला. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्यांवर दोन. ती एकेक बघत गेली.

शेवटच्या वळणावर सुतारानेच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. जिथे त्याने काहीच बांधलं नव्हतं, तिथे झुडपाला फीत होती. लाल. त्याने डाव्या खिशात हात घातला. लाल गुंडाळी होती तिथेच होती. रात्री त्याने ती बाहेर काढलीच नव्हती.

फितीवर गाठ एकच होती. उलटी.

रात्रीतून पाणी चार बोटं उतरलं होतं. तरी वरून काही दिसेना. मुलीने लांब काठी घेतली आणि पाण्यात सरळ खुपसली. वीतभर खाली काठी लाकडावर आपटली. इकडे आपटली, तिकडे आपटली. अख्खं झाड पाण्याखाली आडवं झोपलेलं होतं, फांद्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून.

सुतार खाली बसला. आणि त्याने तिला सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं सगळं. पाऊस, चावणारा बूट, 'पाठ आहे मला' आणि लोकांना सांगितलेलं खोटं. बाकीचे चौघं लांब जाऊन उभे राहिले. ती खूप वेळ पाण्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, तेवढ्या वेळात माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

मग ती फितीपाशी गेली. मोकळी टोकं हातात धरून त्याच्यापुढे केली.

"दुसरी गाठ मारा, काका."

त्याने मारली.

त्या दिवशी कोणी उतरलं नाही. कप्प्या लावून, दोर ओढून, दोन दिवस करवत चालवून ओढा साफ केला. तिसऱ्या दिवशी पोरगी उतरली आणि खाली लोखंडी पुलाशी सुखरूप निघाली. तिची आई तिथे उभी होती. सुताराने नियमाप्रमाणे आपल्या गाठी सोडत आणल्या. पहिल्या पाच फितींवर मास्तरच्या गाठी सुटलेल्याच होत्या. कोणी सोडल्या, विचारू नका. लाल फितीवरची मास्तरची गाठ तेवढी राहिली.

ती अजून आहे. सुतार होता तोवर दर पुरानंतर जाऊन बघून यायचा. हकीकत सांगून झाली तेव्हाच मी त्याला विचारलं होतं, "फार भीती वाटली का रे?" मग म्हणाला, "तेव्हा वाटली. आता एवढंच वाटतं, एकदा मागे वळून बघायला हवं होतं. तीन पावलांवर तर होता."

घ्या, या दोन गुंडाळ्या. एक पिवळी, एक लाल. उद्या जोडीने जा, ऐकलंस ना उंच्या? शेवटच्या वळणावर झुडपाला ती फीत दिसेल. रंग उडालाय, ओळखू येणार नाही चटकन. हवं तर हात लावून बघा. भर उन्हाळ्यात, ओढा आटलेला असतानासुद्धा मी बघितलंय. फीत वाळून कडक झालेली असते, आणि गाठ ओली असते.

सोडायला जाऊ नका.