एका टाक्याचे तीन शब्द

एकच जखम शिवायला तीन शब्द कशाला हवेत? शर्वाणीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

तिचे आजोबा वामनबुवा चंद्रावरच्या वस्तीत रामनवमीचं कीर्तन करायला आले होते. सामान उतरवताना पेटीच्या धारदार कडेने त्यांचा उजवा तळहात कापला. चिपळ्या धरायचा हात! दवाखान्यातला निपुण नावाचा यंत्रमानव हात बधिर करून त्यांना म्हणाला, "आता शिवतो." मग पडद्यावरच्या इटालियन डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "सुतुरा." आणि दिवा लावणाऱ्या रशियन तंत्रज्ञ बाईंना, "शित्!"

"थांब!" शर्वाणी मध्ये आडवी आली. "आम्हाला एक सांगतोस, त्यांना भलतंच. खरं काय करणार आहेस?"

"बुवा, आधी हिला समजावून सांगायला तुमची परवानगी?" निपुणने विचारलं.

"मला काय विचारतोस?" आजोबा कसनुसं हसले. "आमच्या कीर्तनात निरूपणाआधी (अर्थ उलगडून सांगण्याआधी) आख्यान सुरू होत नसतं. कर बाबा निरूपण!"

निपुणने सुई खाली ठेवली. "संस्कृतात 'सिव्' हा धातू (क्रियापदाचं मूळ) आहे. त्यावरून मराठीत 'शिवणे' आलं. लॅटिनमध्ये 'सुएरे', त्यातून 'सुतुरा' म्हणजे शिवण. तिथे चांभारही 'सूतोर'. कवटीची हाडं जुळतात त्या रेषांनाही डॉक्टर 'सुतुरा'च म्हणतात. रशियन 'शित्', इंग्रजीत शिवण्याला म्हणतात ते 'सो' (sew), सगळी भावंडं. त्यांची आई म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची एक भाषा. ती कुणी लिहून ठेवली नाही. लेकरांच्या चेहऱ्यांवरून अभ्यासकांनी आईचा चेहरा ताडला."

"आवाज जुळला की नातं? मग कुणीही काहीही जोडेल!"

"बरोबर पकडलंस. एखादा शब्द योगायोगानेही जुळतो. म्हणून शेकडो शब्द तपासतात. आवाज ठरावीक नियमाने बदललेले दिसले, तरच नातं मानतात."

शर्वाणीच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "आजोबा एकच पद कधी यमनमध्ये गातात, कधी भैरवीत. चाल बदलते, पद तेच. तसं?"

"तसंच. फक्त ही चाल बदलायला शतकं लागली."

"बरं. पण मी इथून हलणार नाही."

"नकोच हलूस. दिवा जरा इकडे धर."

सुई सरकू लागली. आजोबा डोळे मिटून रामनाम घेत होते, शर्वाणीची नजर सुईच्या टोकावर खिळलेली. शेवटची गाठ बसताच ती म्हणाली, "आजोबा, करंगळी हलवा."

करंगळी हलली. मागोमाग सगळी बोटं हलली.

"महिन्याभरात चिपळ्या वाजवाल," निपुण म्हणाला.

"तोवर त्या माझ्याकडे," शर्वाणी म्हणाली. "आणि निपुण, त्या रशियन बाईंना आज कीर्तनाला बोलाव. त्यांचे आणखी शब्द तपासून बघायचेत मला."