साडेतीनशे नावांतलं एक

"तुमी हसून राहिल्या का रडून राहिल्या?" शेजारच्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"तुमाले काय करायचं?" मी अंधारातच फटकारलं.

"नाई, म्हटलं रडण्यासारखं यात काईच नाई... आन हसायचं काम तं मी एकटाच करून राहिलो."

खोटं नव्हतं ते. अमरावतीच्या त्या थिएटरात आम्ही मोजून नऊ माणसं होतो. पडद्यावर सात सुपरहिरो जग वाचवत होते, आणि कोण कोणाशी का भांडतंय हे त्यांनाही कळत नसावं. आमच्या अकोल्यात हा सिनेमा चार दिवसांत उतरला. इथलाही हा शेवटचाच खेळ, म्हणून मी सकाळच्या गाडीनं धावत आले होते. सगळ्यात शेवटी जी नावं येतात, त्यांत माझं नाव होतं. आज हुकलं, तर मोठ्या पडद्यावर ते पुन्हा दिसणार नव्हतं.

मध्यंतरात त्यानं न विचारता समोसा पुढे केला. नाव अश्विन, अंजनगाव सुर्जीचा, इथं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो.

"आन तुमचं नाव?"

"शेवटपर्यंत थांबलात तर कळेल."

"बाप रे! एवढी मोठी शिक्षा?" तो हसला... आणि हसताना फारच छान दिसला. "पन एक मानलं बावा. तो निळा हिरो उडते मातर झकास! दोर-बिर काईच दिसत नाई."

मला समोशाचा ठसका लागला. इतकी खूष झाले मी!

सिनेमा संपला. लोक उठले, दिवे लागले, आणि दारावर तिकिटं तपासणाऱ्या किसनरावांनी ऑपरेटरला मशीन बंद करायची खूण केली.

"काका, थांबा ना... नावं राहिली," मी ओरडले.

"नावं कोन पाहते, बाई?"

"मी पाहतो!" अश्विन परत खुर्चीत बसला. "तिकीट आखरीपर्यंतचं हाये, काका. लाइट बंद करा."

पुटपुटत का होईना, किसनरावांनी दिवे घालवले.

"कोनाचं नाव हाये?" तो हळूच म्हणाला.

"तो निळा दोरांवर लटकला होता. ते दोर मी पुसले. पुण्याच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसून... चार महिने, एकेक चित्र."

तो खुर्चीच्या टोकाशी सरकून एकेक नाव वाचू लागला. मी त्याचा हात कधी घट्ट धरला, मलाच कळलं नाही.

आणि आलं! मी बोट दाखवलं.

"दीक्षा पुंजाजी तायडे!" त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचलं. रिकाम्या थिएटरात माझं नाव घुमलं. अभिमानानं माझे डोळे भरून आले.

"बाकी समद्यायची नावं दोन शब्दांची. तुमचंच तीन?"

"भांडून घातलं मी. बाबा गवंडी आहेत. अकोल्यात शेकडो घरं बांधली त्यांनी. एकावरही त्यांचं नाव नाही."

तो माझ्याकडे वळला. हात त्यानंही सोडला नव्हता.

"मंग रविवारी अकोल्याले येतो... त्यायले सांगाले."

"काय सांगाले?"

"का त्यायचं नाव मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. आन..." तो अडखळला, "...त्यायची पोरगी मले लय आवडली."

माझे कान तापले. तरी मी मान ताठ ठेवली.

"पहिलं तुमी सांगा," मी म्हटलं. "दुसरं... मी सांगीन."