होडीत पुढं तो, मागं मी

आमच्या पहिल्या भेटीत रविराजनं माझ्या पायावर पाय दिला. त्याला दिसत नाही आणि मला लागत नाही, त्यामुळे भांडण सुरू व्हायला जरा उशीरच झाला.

"ओ... तुम्ही माझ्या पायावर उभे आहात."

"आरं देवा! लय लागलं का?"

"अजिबात नाही. कमरेखाली मला काही कळत नाही. पण चप्पल नवी कोरी आहे हो!"

तो दचकून मागं सरला, पांढरी काठी सावरली आणि एकदम हसायलाच लागला. "मला वाटलं, फळी हाय. म्हंजे मला बी कळलं न्हाई, तुमाला बी कळलं न्हाई. बरोबरीत सुटलो की आपण!"

बरोबरीत म्हणे! मी चांगलं झणझणीत उत्तर जुळवत होते, तेवढ्यात जयराज सरांनी शिट्टी वाजवली आणि जोड्या लावायला घेतल्या. मेढ्याजवळ धरणाच्या पाण्यावर ते दर रविवारी आमच्यासारख्यांना होडी चालवायला शिकवतात. कुणाला एक हात नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणी माझ्यासारखं व्हीलचेअरवर. होडी लांब, निमुळती... तिला कनू म्हणतात. मागचा दिशा धरतो, पुढचा जोर लावतो.

"संयोगिता मागं, रविराज पुढं," सर म्हणाले.

मी नाक मुरडलं. त्याला दिसलं नाही ते बरंच झालं.

"कॅप्टन, समोर काय हाय?" पाण्यात गेल्या गेल्या त्यानं विचारलं.

"पाणी."

"त्ये कळतंय मला. आटपाडीकडचा हाय मी. पाणी आमाला वासानं कळतं. पाण्याच्या म्होरं काय?"

मग मी सांगत गेले. डोंगर, डोंगरावरचं वाळलेलं गवत, पंख पसरून खडकावर बसलेला पाणकावळा. तो वल्हं मारत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तुमी आज केक केलाय. व्हॅनिला."

मी दचकले. मलकापूरला मी घरीच केक करून विकते, आणि त्या दिवशी पहाटे एक ऑर्डर देऊनच निघाले होते. "लक्ष वल्ह्याकडे द्या," मी जरा जोरातच म्हणाले. कान मात्र तापले होते.

रविराजच्या घरची मेंढरं. वडील अजून कळप घेऊन फिरतात. हा शिकला, साताऱ्यात बँकेत लागला, आणि सगळं आयुष्य टँकरच्या पाण्यावर गेलेल्या या माणसाला होडीचं वेड लागलं. हसू नका, मलाही लागलं होतं. होडीचंच का, ते विचारू नका.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी कपाट उघडून कुर्ता निवडत बसले. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी! स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला... आणि तरी निळाच निवडला.

"आज कुठला रंग?" त्यानं बसल्या बसल्या विचारलं.

"निळा. पण तुम्हाला काय त्याचं?"

"रंगाचं काय न्हाई. पर सांगताना तुमचा आवाज लाजतो, त्यो लय ग्वाड वाटतो."

मी वल्ह्यानं त्याच्या पाठीवर पाणी उडवलं. तो ओरडला, होडी डुगडुगली आणि सरांनी लांबून आम्हा दोघांना झापलं. इतकी मजा मला कितीतरी दिवसांत आली नव्हती!

आणि मग सरांनी ती घोषणा केली. पुढच्या रविवारी परीक्षा. होडी मुद्दाम उलटवायची आणि दोघांनी आपापलं बाहेर यायचं. जमलेल्या जोड्या कोयनेच्या कॅम्पला जाणार. न जमलेल्यांची जोडी मोडणार, ते वेगळ्या होडीत प्रशिक्षकाबरोबर बसणार.

जोडी मोडणार...

आता तानुआत्याबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी कोयनानगरच्या घाटात मी दुचाकीवरून उडाले, तेव्हापासून आत्यानं एकच धडा घेतलाय: पोरगी सुटी ठेवायची नाही. गाडीत बेल्टवर ती आणखी एक पट्टा बांधते. खुर्चीत ओढणी बांधते. परीक्षेच्या रविवारी मला होडीत बसवताना तिनं माझे गुडघे ओढणीनं होडीच्या आडव्या दांडीला घट्ट बांधले आणि वर टॉवेल पसरला. "आता कशी पडतीस बघू," ती पुटपुटली.

होडीत काहीही बांधायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. मला तो पाठ होता. तरी मी गप्प बसले. कारण मला भीती वाटत होती... वेड्यासारखी भीती.

पाण्यात शिरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराचं लाइफ जॅकेट तपासायचं असतं. रविराज माझ्याकडे वळला. "हात लावू?" त्यानं नेहमीसारखं विचारलं. खांद्याची क्लिप. कमरेची क्लिप. आणि मग त्याची बोटं टॉवेलवरून घसरली, आत गेली... थांबली.

"ही गाठ कसली?"

"हळू बोला ना! सरांना कळलं तर उतरवतील मला."

"आणि होडी उलटल्यावर? तू वर कशी येशील?"

"मला नाही माहीत!" माझा आवाज फुटला. "पाय माझं ऐकत नाहीत. पाण्यात ते कुठं जातील, मी कुठं जाईन... आणि नाही उलटवली, तर तू दुसऱ्या होडीत. मग मी काय करू?"

त्यानं गाठीवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "गाठ मी सोडणार न्हाई. सरांना बी सांगत न्हाई. तुझी तू सोड. पर ती सुटल्याबिगर मी होडी हलवत न्हाई. कॅम्प बुडला तर बुडू दे. तू बुडलेली चालायची न्हाई मला."

मी टॉवेल बाजूला सारला. आत्याची गाठ ती, सुटता सुटेना. तो नुसता बसून राहिला, माझ्या श्वासाकडे कान लावून. शेवटी सुटली. मी ओढणी काठावर फेकली.

"अगं पोरी!" आत्या किंचाळली. "पडशील!"

"पडायलाच चाललेय, आत्या!"

छातीएवढ्या पाण्यात जयराज सर उभे होते. "तयार? उजवीकडे... आता!"

जग उलटं झालं. गार, हिरवट पाणी, कानात घूं घूं. माझे पाय? ते माझ्या मागोमाग आले, निमूट, जशी झोपेतली पोरं उचलून आणावीत तशी. जॅकेटनं मला वर खेचलं आणि मी उलट्या होडीच्या पलीकडच्या बाजूला फुस्सकन वर आले. आले! माझी मी आले! ओरडावंसं वाटत होतं, पण घशात निम्मं धरण होतं. नुसता खोकला.

आणि होडीच्या त्या बाजूनं आवाज आला.

"संयोगिता! ए संयोगिता!"

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती.

"आहे रे ती," सर म्हणाले, पण तो ऐकतोय कुठं! पाण्यावर थपाथप हात मारत, चाचपडत ओरडत होता. "बोल की गं कायतरी! प्रेम हाय माझं तुझ्यावर, ऐकतीस का? बोल की!"

काठावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. आत्यानं तोंडावर पदर घेतला.

मी होडीला धरून धरून वळसा घातला आणि त्याचा हात पकडला. त्यानं तो असा आवळला की बांगडीच पिचली.

"आहे मी. इथंच आहे."

"बरी हाईस?"

"हो. मघाशी काय म्हणत होतास? कानात पाणी होतं माझ्या."

तो लाजला. एवढा मोठा बँकेतला साहेब, गळ्यापर्यंत पाण्यात, कानापर्यंत लाल. "सगळी ऐकत्यात..."

"ऐकू देत."

मग त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि शब्द न् शब्द सावकाश, पुन्हा सांगितलं.

"मघाशीच ऐकलं होतं," मी म्हणाले. "पण दोनदा हवं होतं मला. माझंही आहे रे तुझ्यावर... लय हाय!"