हिरव्या पट्टीचा माणूस

त्या काळी तातडीच्या विभागात दाराशीच तिचं टेबल असे. आलेल्या माणसाला नीट पाहायचं आणि मनगटाला पट्टी बांधायची. लाल लगेच आत, पिवळी थोडं थांबून, हिरवी बाकावर.

अंगठा कापून आलेल्या घड्याळवाल्याला तिनं हिरवी बांधली.

"म्हणजे मी शेवटी?"

"म्हणजे तुम्ही धडधाकट. खूश व्हा!"

हिरव्यांना दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं, असा नियम. ती गेली. "आता कसं वाटतंय?"

"तुम्ही विचारलंत... की बरं वाटतं."

तिसऱ्या फेरीला वॉर्डातल्या मावशी खोकल्या. "बाकीचे हिरवे काय सावत्र आहेत का गं?"

चौथ्या फेरीला तोच म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला कोण विचारतं?"

ती हसली आणि पुढच्या हिरव्याकडे वळली. आई गेल्यापासून घराचं कुलूप लावायचं तिनंच, उघडायचंही तिनंच.

टाके पडले. निघताना तो रेंगाळला. "काढायला इथंच येऊ ना?"

"इथं नाही. दहाव्या दिवशी, मागच्या इमारतीत," ती सवयीनं बोलून गेली आणि तो दाराबाहेर पडल्यावर तिनं जीभ चावली.

दहाव्या दिवशी पाच मिनिटं तिकडे जाऊन यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण सकाळीच एक बस उलटली. माणसांवर माणसं येत राहिली, लाल पट्ट्या संपल्या. दोनला सुटका झाली तशी ती धावली... मागच्या इमारतीत ड्रेसिंगच्या खोलीला कुलूप होतं.

आणखी एक कुलूप.

पर्स घ्यायला ती परत आली. गर्दी ओसरली होती, आता बाक दिसत होता. बाकाच्या टोकाला तो बसला होता, मनगटावर तीच मळलेली हिरवी पट्टी.

"टाके?"

"सकाळी दहा वाजताच निघाले."

"मग इथं—?"

"शेवटचा ना मी? थांबलो. पण चार तासांत विचारायला कुणी आलं नाही हो."

ती त्याच्या शेजारी बसली. नऊ वर्षांच्या नोकरीत त्या बाकावर पहिल्यांदाच.

"आता कसं वाटतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"बरं..." ती थांबली. "एकटं वाटतंय. फार दिवसांपासून."

"मग तुम्हाला लाल हवी."

"लाल संपल्यात," ती डोळे पुसत म्हणाली.

त्यानं आपली हिरवी सोडली आणि तिच्या मनगटाला बांधली. जखमी अंगठ्यानं गाठ जरा वाकडीच बसली.

"चालेल," तो म्हणाला. "दर अर्ध्या तासाने विचारीन."