उतारावरचा ओंडका

ही गोष्ट मी उडत उडत ऐकलेली नाही. माझ्या आईवर गुदरलेली आहे, आणि आई खोटं बोलणारी नव्हती.

साल नेमकं सांगता येत नाही. जर्मनची लढाई अजून व्हायची होती. पौषातली तिन्हीसांज. जागा, कॅसलरॉक स्टेशनाच्या वरच्या अंगाला रानातली आमची वाडी.

वाडीच्या मधूनच उताराचा रस्ता. दोन्ही बाजूंना घरं, अंगणं रस्त्यालाच लागलेली. सागवानानं भरलेल्या बैलगाड्या तिथूनच स्टेशनाकडे उतरत. उतारावर गाडी आवरावी म्हणून गाडीवान मागे साखळीनं ओंडका बांधत. तो फरफटत येई, गाडी हळू चाले. पण घाई असली की ओंडका माथ्यावरच सोडून देत. मग गाडी वाडीतून सुसाट जाई.

माझ्या वडिलांची, म्हणजे झिलूची, आत्या बायजा रोज काठी घेऊन रस्त्यात उभी राही. गाडीवान तिला नाकेदारीण म्हणत, आज जकात काय घेणार म्हणून चिडवत.

ती म्हणे, "तुझ्या बैलांची थोडी अक्कल घे. सावकास जा, पोरं हाईत."

एके दिवशी माथ्यावरून गाडी सुटली.

बायजा बाजूला झाली नाही.

तिचं क्रियाकर्म उरकल्यावर माणसांनी ठरवलं, रस्त्यात आडवा ओंडका अर्धवट पुरायचा. म्हणजे प्रत्येकाला थांबूनच जावं लागेल. माथ्यावर एक आयताच पडला होता. तोच आणून पुरला.

साखळीचा वळ त्यावर ताजा होता. त्याच गाडीवानानं सोडलेला ओंडका तो... तेव्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गाड्या हळू झाल्या. पोरं रस्त्यात खेळू लागली.

पौषात माझी थोरली बहीण तारा तापानं फणफणली. लहानगी पोर, डोळे फिरवू लागली. स्टेशनावर रेल्वेचा डॉक्टर आला होता, संध्याकाळच्या आगगाडीनं परत जाणार होता. वडिलांनी बैल जुंपले. आई, फुला, पोरीला मांडीवर घेऊन बसली.

ओंडक्यापाशी बैल थांबले.

शेपट्या पिरगाळल्या, चाबूक ओढला. बैल नुसते थरथरत होते.

मग मागून आवाज आला...

भरल्या गाडीची करकर. उतारावरून. वेगानं.

आईनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

तिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या. घराघरांतून चुलीचा धूर येत होता... पण एकानंही ओ दिली नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"उतर. पळ," वडील म्हणाले.

ती पोरीला घेऊन उतरली. धावायला गेली...

पाय उचलेना.

पदर मागून कुणीतरी धरला होता.

करकर पाठीशी आली. कडेवरची पोर निखारा झालेली.

आणि कानाशी, ओळखीचा आवाज...

"सावकास."

आई रडत म्हणाली, "आत्याबाई, म्या फुला हाय. पोर मरंल माझी. सोडा."

पदर सुटला नाही.

ती हिसके द्यायची थांबली. एक पाऊल हळूच टाकलं... पडलं. दुसरं टाकलं. तेही पडलं. तशीच ओंडक्यापलीकडे गेली.

मागची करकर ओंडक्यापाशी येऊन बंद झाली.

पण पुढचा सारा रस्ता तसाच. जरा घाई केली की पदर ताणे. मागून वडील बैल सोडून चालत आले, तेही तितकेच हळू. वाटेतच आगगाडीची वेळ टळून गेली, तरी आई चालत राहिली.

डॉक्टर फलाटावरच भेटला. गाडी आलीच नव्हती. घाटात इंजिन विनाकारण हळू झालं होतं म्हणे. ड्रायव्हरला कारण सांगता येईना.

तारा वाचली.

ओंडका उकरून जाळला. पण तारा जन्मात कधी धावली नाही. पावसात नाही, विंचू निघाला तेव्हाही नाही. विचारलं की नुसता पदर चाचपे.

परवा ती गेली. तिला त्याच उतारानं नेलं. रस्ता आता डांबरी आहे.

त्या जागी खांदेकऱ्यांची पावलं आपोआप मंदावली...

मागून करकर येत होती.

वळून कुणीच पाहिलं नाही. मीही नाही.