परत आलेलं ताट

सकाळचं ताट पुन्हा जसंच्या तसं परत आलं आणि मित्सुयोच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सलग तिसरा दिवस! पेज तशीच, बारीक केलेली मासळी तशीच, मुळ्याच्या भुग्याला चमच्याचा ओरखडासुद्धा नाही. ताटावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : होन्मा फुसाए, वय चौऱ्याऐंशी, चावता येत नाही, सगळं बारीक करून, वर दाट रस. आणि खाली आहारतज्ज्ञ म्हणून मित्सुयोचं स्वतःचं नाव.

होन्मा फुसाए म्हणजे एके काळच्या तिच्या सासूबाई.

"हिच्या हाताला चव नाही, हिच्या पोटी मुलगाही नाही," असं म्हणून याच बाईने तिला घराबाहेर काढलं होतं. नवरा खाली मान घालून उभा राहिला होता. घटस्फोट झाला की मूल एकाच घरचं, दुसऱ्याने तोंड दाखवायचं नाही, ही तिथली रीत. म्हणून दोन वर्षांची लेक कानाए तिकडेच राहिली. बावीस वर्षं मित्सुयोने दर वाढदिवसाला खाऊ पाठवला आणि तो दर वेळी दारातून परत आला. तिच्या हृदयात काय जळत होतं ते कोणाला सांगणार... निगाता शहरातल्या या इस्पितळात तिने दात नसलेल्यांची, जीभ लुळी पडलेल्यांची पोटं भरली आणि स्वतःचं काळीज मात्र उपाशी ठेवलं. आता तीच सासू पक्षाघाताच्या झटक्याने अर्धी लुळी होऊन तिच्याच ताटावर आली होती, आणि तिथेही ताट परत पाठवायची खोड काही गेली नव्हती.

"ताई, आज तुम्हालाच जावं लागणार," हाताखालची हारुना म्हणाली. "तीन दिवस ताट परत आलं की आहारतज्ज्ञाने खाटेशी जायचं, नियमच आहे ना. आजी रोज विचारतात, तुमच्या मोठ्या बाई कधी येणार?"

"म्हणावं, मोठ्या बाई मेल्या."

"असं काय बोलता हो!"

"तू जा म्हटलं ना. मला वेळ नाही."

चारचौघांत पाणउतारा करायला बोलावते आहे म्हातारी, दुसरं काय! मित्सुयोने दुपारची चिठ्ठी पुढे ओढली आणि 'वर दाट रस' या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली. रसाशिवाय तो भुगा तोंडात विखुरतो, गिळताना कण श्वासाच्या वाटेत शिरतात, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक होतं? प्रत्येक प्रकारचं जेवण आधी स्वतः चाखून वहीत शेरा लिहायचा, हे तिचं रोजचं काम. तिने तो कोरडा घास तोंडात घेतला, तो घशाला चिकटला, ठसका लागला, वर दोन घोट पाणी प्यावं लागलं. मग तिने वहीत लिहिलं, 'ठीक'.

बारा वाजता मात्र तिचे पाय आपोआप वर गेले. बघायचं होतं तिला, डोळे भरून बघायचं होतं. ती दाराआड उभी राहिली.

खाटेशी एक तरुण मुलगी बसली होती, हातात चमचा.

"आजी, आज माझ्यासाठी दोन घास. इतकी हट्टी कशी गं तू?"

"तू भरवतेस म्हणून खाते हो, कानाए," म्हातारीने तोंड उघडलं.

कानाए! मित्सुयोच्या पायांखालची जमीनच सरकली. बावीस वर्षांनी दिसलेली तिची लेक, तिच्या पोटचा गोळा, त्या चमच्याने आईचंच पाप आजीच्या तोंडात घालत होती...

तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत म्हातारीला ठसका लागला. ओठ निळे पडले. मित्सुयो धावली, तिला पुढे वाकवून पाठीवर थापा मारत राहिली. नर्स नळी घेऊन आली, घसा मोकळा झाला आणि श्वास परत सुरू झाला.

"या ताटावर रस का नाही?" नर्सने चिठ्ठी उचलली.

"मीच नको म्हटलं होतं," म्हातारी घोगऱ्या आवाजात घाईने म्हणाली. मग मित्सुयोचा हात चाचपडत तिने धरला. "आलीस एकदाची. चिठ्ठीवर तुझं नाव पहिल्याच दिवशी वाचलं गं. तीन दिवस उपाशी राहिले, म्हटलं नियमाने तरी येशील. मुलगा गेल्या वर्षी गेला. माझ्यामागे हिला कोण आहे? तुझं मूल मी ओरबाडून घेतलं, ते माझ्या हातानेच परत करायचं होतं... कानाए, ही तुझी आई."

मुलीच्या हातातला चमचा खाली पडला. तिचे डोळे भरून आले, एक पाऊल ती पुढेही आली. ज्या क्षणासाठी मित्सुयो बावीस वर्षं जगली, तो दोन हातांवर उभा होता. नुसतं गप्प राहायचं होतं! सासूने खोटं बोलून सगळं झाकलंच होतं.

"यांनी काही सांगितलं नव्हतं," मित्सुयो म्हणाली. "रस मी खोडला. मुद्दाम. मला सूड हवा होता."

कानाएचं पाऊल जागीच थांबलं.

"मला हे लिहावं लागेल, ताई," नर्स हळूच म्हणाली.

"लिहा."

म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "नका गं लिहू. तिला या थराला मीच आणलं," ती पुनःपुन्हा म्हणत राहिली, पण नर्सने लिहिलं.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि तासाभराने थोडं भरवून बघा म्हणाले. मित्सुयोने स्वतः खाली जाऊन मासळी पुन्हा बारीक केली, दाट रसात कालवली, आणि ताट कानाएसमोर धरलं.

"मी नाही भरवणार," कानाए म्हणाली. "तुम्ही भरवा. माझ्यासमोर."

मित्सुयो खाटेच्या कडेला बसली. म्हातारीने लहान मुलासारखं तोंड उघडलं. एक घास गेला, दुसरा गेला, एकेक घास सावकाश खाली उतरत होता. समोर कानाए उभी होती. बावीस वर्षांनी लेक आईकडे टक लावून बघत होती, आणि ताट रिकामं होईपर्यंत तिने आईच्या हातावरची नजर एकदाही हलवली नाही.