सहावा बोल्ट

यातला एकही शब्द मी रचलेला नाही. पटत नसेल तर सिन्नरला या आणि माझ्या भावाचा डावा डोळा बघा.

२००४ ची लग्नसराई. माझा धाकटा भाऊ संतोष बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. बँडचे सगळे ड्रम लावून द्यायचे भिकनकाका. ड्रमच्या कडेला सहा बोल्ट; ते आवळले की वरचा पडदा, म्हणजे पान, ताणलं जातं. प्रत्येक बोल्टाजवळ काका पानावर टिचकी मारायचे, कान लावायचे आणि चावी फिरवायचे. सत्तरी उलटली होती, पण तोरा कायम.

मी कंपनीत तपासणी खात्यात. कानाने माप घेतात हे बघून मला हसू यायचं. मुंबईहून मी ताण मोजायचं गेज आणलं. घड्याळासारखी तबकडी. पानावर ठेवली की काटा ताण दाखवतो. सहाही बोल्टांजवळ ऐंशी आले की ड्रम लागला.

काका म्हणाले, "काट्याला कान हाय का रं?"

बँडमधली पोरं हसली. मला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी लावलेल्या ड्रमचा सहावा बोल्ट मी गुपचूप सैल केला. मग सगळ्यांसमोर गेज ठेवलं. पाच ठिकाणी ऐंशी. म्हातारा किती अचूक होता, हे फक्त मला कळलं. सहाव्याला साठ.

"काका, कान धुऊन या!" मी म्हणालो. सगळे फिदीफिदी हसले.

काकांनी चावी माझ्या हातात दिली आणि निघून गेले. पंधरा दिवसांत वारले. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि संतोष ड्रम लावत होतो. चारला मिरवणूक होती.

पाच बोल्ट ऐंशी.

सहावा... साठ.

चावी फिरवली. साठ.

पुन्हा फिरवली. साठच.

टक्...

"तू वाजवलंस?"

"नाय. हात बघ माझे." त्याचे हात रिकामे होते.

त्याने पानावर बोट मारून पाहिलं. "दादा, आवाज लय चढलाय. थांब आता."

"काटा साठ दाखवतोय," मी म्हणालो.

तो कान लावायला वाकला.

टक्... टक्...

आवाज ड्रमच्या आतून येत होता.

मी आणखी एक फेरा दिला.

बोल्ट तुटून उडाला.

संतोष किंचाळला. पान उभं फाटलं होतं. त्या फाटक्या पानावर गेज तसंच होतं... काटा ऐंशीवर.

डोळा वाचला नाही.

संतोषने बँड सोडला नाही. आता बँडचे ड्रम तोच लावतो, कानाने. लावताना आंधळ्या बाजूला मान वळवून मधूनच "हां... हां..." म्हणतो. तिकडे कोणीच नसतं.

मी बोल्ट सैल केला होता हे आजवर कुणाला बोललो नव्हतो. बायकोलासुद्धा नाही.

परवा काम करता करता संतोष म्हणाला, "दादा, काकांचा बोल्ट तूच सैल केलेलास ना?"

"छे रे," मी म्हणालो.

तो डावीकडे वळला. थोडा वेळ ऐकत राहिला.

मग हसला. "काका बोललेच व्हते, तू नाय म्हणशील."

चावी त्याच्या हातात होती.

"ये दादा. वाक जरा. कान लाव इथं."

मी काहीतरी निमित्त सांगून निघून आलो. पण तो आता रोज बोलावतो.